सातव्या चर्चाचं कुलूप

मला एका चर्चात जाऊन दहा मिनिटं बाकावर बसायचं होतं. यात कठीण काय, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. त्यासाठी परीक्षा द्यावी लागेल, दहा लिटर पाणी पाठीवर घेऊन डोंगर चढावा लागेल आणि शेवटी निम्मं खोरं माझ्या दिशेने धावत सुटेल, हे आधी कळलं असतं तरी मी गेलोच असतो. फक्त जाड पायमोजे घेतले असते.

नोव्हेंबरात माझी बायको तुरीड गेली. फेब्रुवारीत मी स्वयंपाकघरातला एक खण आवरायला काढला. त्यात दोऱ्याची गुंडाळी, संपलेल्या बॅटऱ्या आणि तिची निळी वही होती. बॅटऱ्या टाकल्या. वही घेऊन टेबलाशी बसलो आणि खण अजून तसाच आहे.

बावीस वर्षं आम्ही ईस्टरला ब्योर्कलीला जात होतो. ब्योर्कली म्हणजे डोंगरातलं स्कीवाल्यांचं गाव. तुरीड दिवसभर स्की करायची आणि मी दिवसभर उपाहारगृहाच्या खिडकीत बसून कॉफी प्यायचो. मी किनाऱ्यावरचा माणूस. चाळीस वर्षं फेरीबोटीच्या इंजिनखोलीत काढली. अकराव्या वर्षी एकदा स्कीवर उभा राहिलो होतो आणि लगेच खाली बसलो होतो. तेव्हापासून तो विषय माझ्यापुरता संपला होता.

त्या खोऱ्यात जुनी लाकडी चर्चं सात. जमेल तसं एकेक पाहायचं, आत जाऊन बसायचं, असं तुरीडने ठरवलं होतं. जुन्या रिवाजाप्रमाणे ती डावीकडे बायकांच्या बाकावर बसायची आणि मला उजवीकडे पुरुषांच्या बाकावर पाठवायची. हा रिवाज आता कोणी पाळत नाही. ती पाळायची, कारण पलीकडून तिला मी झोपलो की नाही ते नीट दिसायचं. मी झोपलो की ती हातमोजा फेकून मारायची. नेम चांगला होता. मी दचकून म्हणायचो, "झोपलो नव्हतो." मग ती वही काढून लिहायची.

पहिल्या चर्चाच्या पानावर आहे: "छान. गार. आर्वे झोपला. नाही म्हणतो." दुसऱ्या पानावर: "डांबराचा वास. बाक अरुंद. आर्वे झोपला. नाही म्हणतो." अशी सहा पानं आहेत. सातवं पान उल्वेसेटच्या चर्चाचं. तिथे चार वेगवेगळ्या पेनांनी लिहिलंय: "कुलूप." "कुलूप." "कुलूप." "कुलूप. पुढच्या वर्षी."

उल्वेसेट वर माळावर आहे. हिवाळ्यात तिथे रस्ता नसतो, स्कीवरून जावं लागतं. अख्ख्या हिवाळ्यात ते चर्च एकदाच उघडतं, ईस्टरच्या आदल्या शनिवारी, प्रार्थनेसाठी. आणि आम्ही शनिवारी सकाळी परत निघायचो, कारण रविवारी बोटीवर माझी पाळी असायची. म्हणून तुरीड शुक्रवारी चार किलोमीटर चढून जायची, कुलूप बघायची आणि परत यायची. पाळी बदलून मागावी हे मला बावीस वर्षांत सुचलं नाही. तिनेही कधी म्हटलं नाही.

तर मी ठरवलं. या वर्षी ईस्टरच्या शनिवारी उल्वेसेटला जायचं, दहा मिनिटं बसायचं आणि ते पान भरायचं.

मुलीला फोन केला. मार्ते म्हणाली, "बाबा, जुलैमध्ये जाऊ ना आपण सगळे. तेव्हा गाडी दारापर्यंत जाते. तिकीट काढलं की आत."

"जुलैत कोणीही जाईल," मी म्हणालो. हे वाक्य तुरीडचं होतं. मार्तेने ते ओळखलं असावं, कारण तिने जुलैचा विषय सोडून दिला. मग म्हणाली, "निदान हेल्मेट घाला."

दुसरा सल्ला खालच्या मजल्यावरच्या ओड्वारचा. त्याला मी विचारलं नव्हतं. जिन्यात माझ्या हातात तुरीडच्या स्कीच्या काठ्या दिसल्या एवढंच.

"स्कीला मेण कुठलं लावणार आहेस?"

"लागतं का?"

ओड्वारने जिन्याचा कठडा धरला. आमच्याकडे माणसं राजकारणावरून भांडत नाहीत, मेणावरून भांडतात. त्याने पहिल्या मजल्यावरच्या दोघांना बोलावलं. तिघांनी जिन्यात उभं राहून पाऊण तास चर्चा केली. एक म्हणाला निळं, एक म्हणाला जांभळं. ओड्वार म्हणाला, "वसंतातला बर्फ आहे. नळीतलं लाल, चिकट. दुसरं काही लावशील तर मागे घसरत समुद्रात येशील." आणि स्वतःची अर्धी नळी दिली. बाकीचे दोघे नाराज होऊन घरी गेले. त्यातला एक अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

मंगळवारी चर्चच्या कचेरीत फोन केला. बुधवारी दुपारी ईस्टरच्या सुट्टीसाठी सगळा देश डोंगरावर जातो आणि मग फोन कोणी उचलत नाही, म्हणून मी घाई केली होती. हिल्दे नावाच्या बाईंनी उचलला.

"या वर्षी उल्वेसेटची प्रार्थना रद्द होणार बहुतेक," त्या म्हणाल्या. "अग्निरक्षक नाहीये."

"म्हणजे?"

"लाकडी चर्च आहे. माणसं आत असताना आगीवर लक्ष ठेवायला एक माणूस लागतो, नाहीतर उघडता येत नाही. गेल्या वर्षीचा स्पेनला राहायला गेला. ऊन आवडतं म्हणे त्याला."

मी म्हणालो, "मी करतो."

हे मी विचार करून बोललो नाही. लोकांनी मिळून फुकट करायचं काम निघालं आणि माणूस कमी पडला, की आमच्याकडे तोंडातून आपोआप 'मी करतो' निघतं. पश्चात्ताप नंतर घरी जाऊन करायचा असतो. अशाच एका कामात मी एकदा शाळेचं छत रंगवलं होतं. माझं कोणी त्या शाळेत नव्हतं.

"प्रमाणपत्र आहे?" हिल्देबाईंनी विचारलं.

"आहे. चाळीस वर्षं बोटीवरच्या आगीची जबाबदारी माझ्याकडे होती. दोनदा खरी आग विझवली आहे."

"बोटीचं प्रमाणपत्र जमिनीवर चालत नाही."

"आग तीच असते हो."

"पण चर्च तरंगत नाही," त्या म्हणाल्या. त्या चिडल्या नव्हत्या. त्यांना नियम माहीत होता आणि मला नव्हता, एवढंच. "संगणकावर परीक्षा आहे. वीस प्रश्न. उद्या बारापर्यंत पास झालात तर प्रार्थना होईल."

मी त्या परीक्षेत दोनदा नापास झालो. हे मी मार्तेला सांगितलेलं नाही. दोन्ही वेळा एकाच प्रश्नावर: आग दिसल्यास प्रथम काय कराल? मी लिहिलं, विझवीन. चूक. दुसऱ्यांदा लिहिलं, लगेच विझवीन. तेही चूक. बरोबर उत्तर होतं: चर्चची घंटा वाजवीन. बुधवारी अकरा वाजून पन्नास मिनिटांनी मी घंटा वाजवीन असं कबूल केलं आणि अग्निरक्षक झालो.

शनिवारी सकाळी ब्योर्कलीच्या वरच्या वाहनतळावर मला गुनवोर भेटली. चर्चची चावी तिच्याकडे असते. वय अठ्ठ्याहत्तर, उंची माझ्या खांद्याला, आणि चावी तिच्या हाताएवढी. ती दोरीत ओवून तिने गळ्यात घातली होती.

"किनाऱ्यावरचा अग्निरक्षक तूच का?"

"हो."

"स्की येते?"

"बेताची."

तिने मला वरून खालपर्यंत पाहिलं. "हेल्मेट कशाला घातलंयस? चर्च अंगावर पडणार नाही." मग तिने माझ्यापुढे एक रिकामी बादली आणि पाण्याचा डबा ठेवला. "दहा लिटर. हे वर न्यायचं."

मी आजूबाजूला पाहिलं. दीड मीटर बर्फ होता. डोंगर बर्फाचा, झाडं बर्फाची, गाड्यांची टपं बर्फाची. "पाणी वर न्यायचं?"

"नियमात पाण्याची भरलेली बादली लिहिली आहे. बर्फ लिहिलेला नाही. मी तीस वर्षं त्या कचेरीला हेच सांगतेय." एवढं बोलून ती निघून गेली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई वळणापलीकडे दिसेनाशी झाली तेव्हा माझा डावा बूट अजून स्कीत अडकत होता.

आता मेणाबद्दल. त्या दिवशी उणे नऊ होतं आणि बर्फ कोरडा होता. लाल चिकट मेण ओल्या बर्फासाठी असतं. हे मला आता माहीत आहे. स्कीच्या तळाला बर्फ चिकटला, त्याला आणखी बर्फ चिकटला आणि शंभर पावलांत मी वीतभर उंच झालो. स्की पुढे सरकेनात. मागेही सरकेनात. मग मी घसरण्याचा नाद सोडला आणि सरळ चालायला लागलो, जिना चढावा तसा.

आणि इथे मला ओड्वारची माफी मागायला हवी. चढावर सगळे घसरत होते. भारी कपडे घातलेले राजधानीतले लोक दोन पावलं वर जायचे आणि एक खाली यायचे. मी पाठीवर दहा लिटर, एका हातात काठ्या, दुसऱ्या हातात बादली घेऊन त्यांच्या शेजारून ठपठप करत वर गेलो. एकजण म्हणाला, "आजोबा, कुठलं मेण?" मी म्हणालो, "लाल." त्याने बायकोकडे असं पाहिलं की मला त्यांच्या घरातलं एक जुनं भांडण मिटल्यासारखं वाटलं.

चर्च दिसलं. काळं, उभट, तीन छपरं एकावर एक. आणि दार उघडं होतं. मी स्की काढल्या, बर्फ झटकला आणि सरळ दाराकडे निघालो.

"तू कुठे?" गुनवोर म्हणाली.

"आत."

"अग्निरक्षक बाहेर असतो. उत्तरेच्या भिंतीशी. हीटरची पेटी तिथे आहे, आग लागली तर तिथेच लागणार. प्रार्थनाभर तिथे आणि नंतर एक तास तिथे. परीक्षेत नव्हतं?"

नव्हतं. म्हणजे असेलही. मी घंटेच्या प्रश्नात अडकलो होतो.

तिला तेव्हाच सांगायला हवं होतं. आत बसायचंय, बायकोसाठी, दहा मिनिटं. पण तिच्या मागे साठ माणसं स्की काढत होती आणि एवढ्या लोकांसमोर मी आयुष्यात काही मागितलेलं नाही. मी "बरं" म्हणालो आणि उत्तरेच्या भिंतीशी गेलो.

उत्तरेला सावली होती. पाणी बादलीत ओतलं आणि पाच मिनिटांत त्यावर साय धरावी तसा बर्फ धरला. गोठलेलं पाणी नियमात बसतं की नाही, हे विचारायला कोणी नव्हतं. म्हणून मी स्कीची काठी घेऊन ते ढवळत राहिलो. आतून गाण्याचे आवाज येत होते. भिंतीला कान लावला तर बरे ऐकू येत होते, पण मग ढवळता येईना. लाल मेण हातमोज्यांवरून काठीला, काठीवरून बादलीला आणि बादलीवरून माझ्या पॅंटला लागलं होतं. उशिरा आलेलं एक जोडपं कोपऱ्यावर थांबलं.

"कसलं सूप आहे?" बाईंनी विचारलं.

"पाणी आहे."

"काही हरकत नाही," त्या हळूच म्हणाल्या आणि नवऱ्याला घेऊन गेल्या.

तासाभराने प्रार्थना संपली. सगळे बाहेर आले आणि दक्षिणेच्या भिंतीला पाठ लावून उन्हात बसले. थर्मासमधली कॉफी, वाफल, संत्री. मग ईस्टरला आमचे लोक जे करतात ते सगळ्यांनी केलं: तोंड सूर्याकडे करून डोळे मिटले. साठ माणसं, एकाचाही डोळा उघडा नाही. प्रार्थना घेणाऱ्या पाळकबाईंचाही नाही.

दार उघडं होतं. हीटर बंद झाला होता, पेटी मी हाताने चाचपून पाहिली, गार होती. चाळीस वर्षांत मी कामाची जागा कधी सोडली नाही. बादली आणि पाठपिशवी भिंतीशी ठेवली, स्की बाजूला उभ्या केल्या आणि आत गेलो.

आत अंधार आणि डांबराचा वास होता. बाक सातही चर्चांतला सगळ्यात वाईट. मी उजवीकडे तिसऱ्या रांगेत बसलो. मधल्या वाटेपलीकडे, डावीकडे, तिसरी रांग रिकामी होती. दहा लिटर पाणी वर आणलं होतं, पहाटे पाचपासून जागा होतो. मी जरा डोळे मिटले.

या वेळी हातमोजा फेकणारं कोणी नव्हतं.

जाग आली तेव्हा फार शांत होतं. दाराशी गेलो. ढकललं, ओढलं, खांदा लावून पाहिला. मोठं जुनं कुलूप, बाहेरून. फोन पाठपिशवीत, पाठपिशवी भिंतीपलीकडे. खिडक्या म्हणाव्यात तर छताखाली बशीएवढी भोकं. मी हाका मारल्या, पण बेताने. चर्चात ओरडायची सवय नाही.

मी पुन्हा बाकावर बसून नीट विचार केला. हे चर्च यानंतर जूनमध्ये उघडतं. घंटेची दोरी समोर लोंबत होती. घंटा आगीसाठी आहे, आणि आग नव्हती. अग्निरक्षक स्वतःच कोंडला गेला तर प्रथम काय कराल, हा प्रश्न वीसांत नव्हता. दोरीकडे मी बराच वेळ पाहिलं. मग वाजवली. एकदा. इज्जत राखून. आणि एकदा वाजवून कोणी येत नाही हे कळल्यावर दोन्ही हातांनी लटकलो. हातमोज्यांचं मेण दोरीला असं धरलं की सोडायची म्हटली तरी सुटेना. शेवटी हातमोज्यांतून नुसते हात काढून घेतले.

पुढचं मी दाराच्या फटीतून पाहिलं. खाली उतरत गेलेले ठिपके थांबले. वळले. मग ते सगळे चढावर यायला लागले. त्यांच्यामागे ब्योर्कलीहून बर्फावरची मोटारगाडी भोंगा वाजवत निघाली. सगळ्यांच्या पुढे गुनवोर होती. गळ्यातली चावी तिच्या छातीवर उडत होती.

"आग कुठे आहे?" ती दारापलीकडून म्हणाली. तिला धाप लागली होती.

"आग नाही. मी आहे."

"तू बाहेर असायला हवा होतास."

"हो."

"तुझी बादली तिथे, स्की तिथे. मी दोन हाका मारल्या. वाटलं, किनाऱ्यावरचे लोक उत्तर देत नाहीत. आत काय करत होतास?"

दारामुळे तिचा चेहरा दिसत नव्हता. म्हणूनच मला बोलता आलं. तुरीड, वही, चार वेळा कुलूप, माझी रविवारची पाळी, हातमोजा, सगळं सांगितलं. फटीत तोंड घालून इतकं मी वर्षभरात कोणाशी बोललो नव्हतो.

मग कुलपात चावी फिरली.

"सांगायचं ना," ती म्हणाली. "मी धरली असती बादली."

"सुचलं नाही."

"तेच तर."

तोवर चाळीसएक माणसं येऊन पोचली होती. काहींनी टोप्यांमध्ये बर्फ भरून आणला होता. मोटारगाडीवरचा माणूस नळी सोडवत होता. माझ्या दोन्ही हातमोज्यांसकट दोरी आत हलत होती आणि घंटा अधूनमधून वाजत होती. जमीन दुभंगली तर बरं, असं मला वाटलं, पण बर्फ फार जाड होता.

गुनवोर पायरीवर उभी राहिली. "आग नाही," ती सगळ्यांना म्हणाली. "सराव होता. नियमात दर वर्षी एक लिहिलाय. तीस वर्षांत कोणी घेतला नाही, आज घेतला. तुम्हाला एकोणीस मिनिटं लागली. फार झाली." मग ती मोटारगाडीवाल्याकडे वळली. "आणि भोंगा आधी वाजवायचा, नंतर निघायचं."

लोक खजील होऊन टोप्या रिकाम्या करायला लागले. एकजण मला म्हणाला, "पुढच्या वेळी आम्ही लवकर येऊ." मी म्हणालो, "बघा बुवा."

ते उतरायला लागले. गुनवोर चावी हातात घेऊन दाराशी थांबली. आता निघायचं होतं. मी एक पायरी उतरलो आणि परत चढलो.

"मी अजून दहा मिनिटं बसू का?"

ऐकायला लहान वाक्य आहे. मला सदुसष्ट वर्षं लागली.

"बस," ती म्हणाली. "दार उघडं ठेवते." मग ती उत्तरेच्या भिंतीकडे गेली, बादली उचलून आणली आणि दारात उलटी ठेवून त्यावर बसली. पाण्याचा दगड झाला होता, त्यामुळे एक थेंब सांडला नाही. खिशातून संत्रं काढून ती सोलायला लागली.

मी उजवीकडे तिसऱ्या रांगेत बसलो. संत्र्याचा वास आत आला. पलीकडच्या बाकावर दारातून उन्हाची एक पट्टी पडली होती, डावीकडे, तिसऱ्या रांगेत. मी ती पाहिली. मग डोळे मिटले, कारण पाहवेना.

कानावर काहीतरी सपकन बसलं. लोकरीचा हातमोजा. ओला, संत्र्याचा वास असलेला.

"झोपलास का रे?" गुनवोर दारातून म्हणाली.

सहाही चर्चांत मी झोपलो होतो आणि नाही म्हणालो होतो. या वेळी मी झोपलो नव्हतो.

"हो," मी म्हणालो. आणि खिशातून वही काढली.

बोटांना मेण होतं, पान चिकटत होतं. चौथ्या कुलपाखाली जागा थोडीच होती, पण पुरली.

"उल्वेसेट. कुलूप, या वेळी आतून. बाक वाईट. आर्वे झोपला. हो म्हणतो."